पुढच्या खोलीतून सुटणारी सहल

आमचे घरमालक नाना, त्यांच्याइतका हिंडलेला माणूस अख्ख्या खानदेशात सापडायचा नाही, आणि त्यांच्याइतका घराबाहेर न पडलेलाही. हिमालय, राजस्थानचं वाळवंट, आफ्रिकेतली जंगलं, सगळं त्यांनी पाहिलं होतं आणि आम्हांलाही दाखवलं होतं. पण जळगावच्या मेहरूण भागातल्या घरातून निघून त्यांची बस नशिराबादला पोचेपर्यंत त्यांच्या पोटात ढवळायला लागायचं. त्यांना गाडी लागायची. साधीसुधी नाही. डिझेलचा वास आला की चेहरा हिरवा, हॉर्न वाजला की पांढरा. उभा जन्म त्यांनी शाळेत भूगोल शिकवला आणि त्या भूगोलातलं एकही ठिकाण डोळ्यांनी पाहिलं नाही. अपवाद धुळ्याचा, कारण त्यांच्या बायकोचं, अक्कांचं, माहेर धुळ्याचं आणि लग्नाला नवरदेवानं जावंच लागतं. वऱ्हाडाची गाडी म्हणे पारोळ्यापर्यंत इतक्यांदा थांबवावी लागली की मुहूर्त टळायची वेळ आली. एका हातात नारळ आणि दुसऱ्या हातात लिंबू घेऊन ते मांडवात उतरले. अक्का हे आल्यागेल्याला सांगायच्या, “अंतरपाट सरकना तवय मी पहिले लिंबू देखं, मंग नवरदेव देखा.” त्यानंतर नाना कधी सासुरवाडीला गेले नाहीत.

अशा माणसाच्या घरी, नव्वदीचं दशक संपत आलं असताना, त्यांच्या पुण्याच्या मुलानं आपला जुना कॉम्प्युटर पाठवून दिला. सोबत फोनला जोडायचा एक डबा होता. तो जोडून नंबर फिरवला की आधी किरकिर, मग शिट्ट्या, मग कुणीतरी पत्रा ओरबाडल्यासारखा आवाज यायचा आणि थोड्या वेळानं पडद्यावर जगाच्या पाठीवरचं एखादं चित्र उतरायला लागायचं. दुसऱ्या कुणी त्यावर मुलाला पत्रं लिहिली असती. नानांनी सहली काढल्या.

मी त्यांची भाडेकरू. मागच्या अंगणातली एक खोली आमची. आमचे हे डाळमिलमध्ये मेकॅनिक, म्हणून कोकणातल्या समुद्रकाठच्या गावातून उचलून मला इकडे आणलेलं. सातवीनंतर माझी शाळा सुटली होती आणि ते मी कुणाला सांगत नसे. कुणी विचारलं तर “झालंय थोडं” म्हणून भांडी घासायला लागायचे. पण नानांनी मला एकदा किराण्याच्या पुडीचा कागद वाचताना पाहिलं. मी मोरीपाशी उभी राहून वाचत होते. ते म्हणाले, “उभ्यानं वाचताय म्हणजे चोरून वाचताय. बसून वाचायला या.” त्यांच्या पुढच्या खोलीत दर रविवारी संपर्कवर्ग भरायचा. शिक्षण अर्धवट राहिलेल्यांनी घरी पुस्तकं वाचायची, आठवड्यातून एकदा जमायचं आणि शेवटी परीक्षा द्यायची. माझा अर्ज त्यांनीच भरला. मी इतकी घाबरले होते की सही करताना माहेरचं नाव लिहून बसले. ते म्हणाले, “राहू द्या, परीक्षा कुणीतरी एकजण दिली म्हणजे झालं.”

वर्गात आम्ही मोजकीच माणसं. अमळनेरहून येणारे एसटीचे एक कंडक्टर, बढतीसाठी शिकणारे. डाळमिलमधली दोन पोरं. आणि गावातल्या एका मारवाडी किराणा दुकानाची सून. तिला एकटीला पाठवायचं नाही म्हणून सोबत तिच्या सासूबाई यायच्या आणि सुनेपेक्षा जास्त लक्ष देऊन बसायच्या. पहिल्याच रविवारी नानांनी मला काही बोलायला सांगितलं आणि घाबरून माझ्या तोंडून घरचीच भाषा निघाली, “माका जमाचा नाय.” मिलच्या पोरांनी ती दुपारभर पुरवली. पाणी हवं का, माका जमाचा नाय. फळा पूस, माका जमाचा नाय. त्यात वाईट बुद्धी नव्हती, हे आज कळतं. तेव्हा मात्र मी ठरवलं, आता इथं तोंड उघडायचं नाही.

आता नानांच्या सहलीचे नियम सांगते. सहल घरात बसून असली तरी सहलीसारखीच व्हायला हवी, यावर ते अडून असत. सकाळी सगळ्यांनी मेहरूण तलावाच्या काठी जमायचं. तिथून गळ्यात शिट्टी अडकवलेले नाना पुढे आणि आम्ही बायाबापड्या, मिश्यावाले कंडक्टर, घुंघट घेतलेली सून, असे दोन-दोनच्या रांगेत मागे, हातात डबे आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन त्यांच्या घरापर्यंत चालत यायचो. ओट्यावर बसलेल्या बाया हातातलं निवडणं टाकून बघत. “चालनात का वं सहलले?” असं कुणीतरी हमखास विचारी. मी पदर इतका पुढे ओढायचे की एकदा विजेच्या खांबावर आपटले. बरं, ज्या घरात मी भाड्यानं राहायचे त्याच घराकडे मी रांगेतून, डबा घेऊन, सहलीला चालले होते.

घरात शिरताना चपला काढायच्या नाहीत, हा दुसरा नियम. “अजिंठ्याला कुणी अनवाणी जातं का?” अक्कांनी पहाटे सारवलेल्या, पुसलेल्या घरात आमच्या चपलांचे ठसे उमटत आणि अक्का स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून एकेका पायाकडे बघत. ज्यांना गाडी लागते त्यांनी खिडकीशी बसायचं, म्हणून नाना स्वतः खिडकीशी बसत. फोनच्या डब्याचा पत्रा ओरबाडणारा आवाज सुरू झाला की ते शिट्टी फुंकत, कंडक्टर सवयीनं “चला, पुढं सरका, मधे जागा आहे” म्हणत आणि सहल सुटायची. चित्र वरून खाली उतरायचं, एकेक रेघ, मुंगीच्या पावलानं. डोंगराचं टोक दिसल्यावर पायथा यायला डबे खाऊन व्हायचे. कळण्याची भाकरी, ठेचा, सासूबाईंच्या पुऱ्या. पण नानांना ते संथ वाटायचंच नाही. “प्रवास म्हटला की वेळ लागतोच,” असं म्हणून ते खिडकीबाहेर कौतुकानं बघायचे. आणि सासूबाई तर एकदा म्हणाल्या, “मास्टरजी, थोडा धीरे चलाओ, देखने दो!”

हवामानाच्या बाबतीत तर ते ऐकायचेच नाहीत. हिमालयाची सहल त्यांनी मे महिन्यात काढली. जळगावचा मे म्हणजे कावळासुद्धा सावलीतून सावलीत उडतो. आम्हांला स्वेटर आणि कानटोप्या घालून यायला सांगितलं होतं. मी ह्यांचा रात्रपाळीचा स्वेटर घालून, कानटोपी ओढून, दारं बंद केलेल्या त्या खोलीत बसले होते. बर्फाची पहिली रेघ उतरते न उतरते तोच मिलचं एक पोरगं खुर्चीवरून कलंडलं. नाना शांतपणे म्हणाले, “हवा विरळ आहे. पाणी द्या त्याला.” नेमका तेव्हाच गवळी दार ढकलून उभा राहिला. त्यानं आम्हां सगळ्यांकडे पाहिलं, माझ्या कानटोपीकडे जरा जास्त वेळ पाहिलं, दुधाचं पातेलं उंबऱ्याशी ठेवलं आणि निघून गेला. पुढे कितीतरी दिवस दूध घालताना तो मला अगदी हळू आवाजात विचारायचा, “बरी शे ना ताई?”

अक्कांचं म्हणणं एकच होतं. “बठ्ठी दुनिया दखाडतस, मनं माहेर दखाडा ना एकदाव.” नानांनी मनापासून शोधलं. धुळं, धुळे, इंग्रजीत, सगळ्या तऱ्हांनी. शेवटी त्यांनी स्वयंपाकघरात जाऊन, एखाद्या नातेवाइकाची बातमी सांगावी तशा आवाजात सांगितलं, “धुळं अजून तिथं पोचलेलं नाही.” अक्का म्हणाल्या, “आपण बी कोठे पोचनूत?”

आणखी एक नियम होता, आणि माझी झोप उडवली ती त्यानं. प्रत्येकानं एका सहलीला वाटाड्या व्हायचं. चित्र उतरत असताना सगळ्यांपुढे उभं राहून त्या ठिकाणाबद्दल बोलायचं. त्याचे तोंडी गुण. ते गुण नसतील तर परीक्षेला नाव जाणार नाही. हा नियम वरून आलेला की नानांच्या डोक्यातून निघालेला, हे आम्हांला कधी कळलं नाही, पण ते त्याबाबतीत एक पाऊल मागे सरत नसत. कंडक्टरांनी राजस्थान केलं, दर थोड्या वेळानं “मधे कुणी उतरणार?” असं विचारत त्यांनी आम्हांला जैसलमेरपर्यंत नेऊन सोडलं. सुनेनं घुंघटाआडून काश्मीर सांगितलं आणि जिथं अडली तिथं सासूबाईंनी पुढे चालवलं. राहिले मी. नाना हर्षानं म्हणाले, “कोकणच्या ताई, तुम्हांला समुद्र! घरचं कार्य.”

घरचं होतं म्हणूनच मला धास्ती. माझी आई मासळी वाळवते आणि डोक्यावर पाटी घेऊन विकते. माझं लहानपण तिच्यामागे वाळूत गेलं. इथं नाना-अक्कांच्या घरात अंड्याचं कवचसुद्धा कधी आलं नाही. खोली देताना त्यांनी काही विचारलं नव्हतं, आणि माहेरचे काय करतात म्हटलं की मी “नारळ आहेत थोडे” एवढंच म्हणायचे. होतेच की, दोन. त्या आठवड्यात मी पुस्तकातला समुद्र पाठ केला. भरती, ओहोटी, खारे वारे, मतलई वारे. हे पाठ म्हणून दाखवायचं आणि खाली बसायचं, एवढंच मी देवाकडे मागत होते.

रविवारी शिट्टी झाली. मी पडद्याशेजारी उभी राहिले. आधी आभाळ आलं, नुसतं निळं. मग माडांच्या झावळ्या. मग पाणी यायला लागलं, आणि येतच राहिलं. “इतलं पानी!” मिलचं पोरगं म्हणालं. कंडक्टर म्हणाले, “पलीकडचा काठ कधी येतो?” सासूबाईंनी सुनेला कोपरानं ढोसलं आणि दोघींनी पडद्याला हात जोडले. मी भरती-ओहोटी सुरू केली होती. पाठ केलेलं बरोबर येत होतं. तेवढ्यात पाण्याखाली वाळू आली आणि वाळूवर काहीतरी चंदेरी, पसरलेलं, दिसायला लागलं. बाकीच्यांना ते काय आहे हे कळायच्या आत मला कळलं. मग एका बाईची पाठ आली. वाकलेली. मग गुडघ्यांपर्यंत खोचलेलं लुगडं. एकेक रेघ करत ती बाई सगळ्यांसमोर उतरत होती आणि मी तिला थांबवू शकत नव्हते. कुणीतरी परदेशी माणसानं काढलेला फोटो असणार. ती माझी आई नव्हती. पण अशा वाकलेल्या सगळ्या पाठी सारख्याच दिसतात, आणि मी क्षणभर तिच्या हातात आईच्या बांगड्या शोधल्या.

“मासा! मासा वाळत घातलाय!” एक पोरगं नाक धरून ओरडलं. “आरे, वास यायला लागला!” दुसऱ्यानंही नाक धरलं. हशा झाला. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला आणि डोळे मिटून “राम राम” म्हणाल्या.

“हं, ताई,” नाना म्हणाले, “ही बाई काय करते आहे, सांगा.”

पाठ केलेले वारे डोक्यातून उडून गेले. मी पडद्याकडे नाही, चपलांकडे बघत उभी राहिले. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला. नाना उठले, भिंतीपाशी गेले आणि त्यांनी वायर उपटली. पडदा काळा झाला.

“गाडी बंद पडली,” ते म्हणाले. “सगळे खाली उतरा. डबे सोडा.”

“डिझेल संपलं का, नाना?” कंडक्टरांनी विचारलं.

“हो. रविवारी पंप बंद असतो.”

नानांची सहल अर्ध्यावर थांबल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. फोन तुटला तरी ते पुन्हा जोडायचे, वीज गेली तर ती येईपर्यंत सगळ्यांना जागेवर बसवून ठेवायचे. मी माझ्या खोलीत निघून गेले आणि दार लावून घेतलं. बाहेर डब्यांचे आवाज ऐकू येत होते. मला वाटलं, गुण गेले, परीक्षा गेली, आणि आता खोलीही जाणार.

दुपार उतरल्यावर अंगणात जाणं भागच होतं, नळ तिथंच. अक्का बाजेवर वाळत घातलेल्या बिबड्या, म्हणजे इकडचे ज्वारीचे पापड, उलटत होत्या. नाना शेजारी पायरीवर बसले होते, शिट्टी अजून गळ्यात. मी बादली लावली आणि पाठ करून उभी राहिले.

“तुमची सहल अर्धी राहिली,” नाना म्हणाले.

“हो.”

“माझीही राहिली. उभ्या जन्मात मी किती पोरांना समुद्र शिकवला. भरती खडूनं आणली, ओहोटी डस्टरनं. एकदा एका पोरानं विचारलं, ‘सर, समुद्राचा वास कसा असतो?’ मी त्याला म्हटलं, ‘पुस्तकात नाही ते विचारू नये.’ गप्प बसला तो. पुढे सगळा वर्गच गप्प बसायला लागला.” मग खाली बघून म्हणाले, “आज पोरं नाक धरून बसली तेव्हा मला त्यांचा राग नाही आला. हेवा वाटला. खोटा का होईना, त्यांना वास तरी आला.”

मी नळ बंद केला. का ते सांगता येणार नाही, पण मी बोलायला लागले, आणि बोलताना घरच्या भाषेत कधी शिरले ते मलाच कळलं नाही. “नाना, तो वास खारो. सुरवातीक नाकात शिरता, मगे कळाचोच बंद जाता. आमका येना नाय. पावण्यांका येता.” आईचं सांगितलं. पाटीचं सांगितलं. ऊन कमी पडलं की मासळीला कसा चिकटपणा येतो ते सांगितलं. नाना डोळे मिटून ऐकत होते. अक्कांचे हात बिबड्यांवर थांबले होते. मी थांबले आणि त्या काय म्हणतात याची वाट बघत राहिले.

अक्का म्हणाल्या, “कावळा येतस का वं?”

“येतत तर! घार पण येता.”

“मंग राखस कोन?”

“मी राखायचे. काठी घेऊन.”

“हाई देखा,” अक्का नानांकडे वळून म्हणाल्या, “आनि मी आठे एकली कावळा हाकली हाकली मरी ऱ्हायनू. पोर राखणनी शिकेल शे, अन तुम्ही तिले खुर्चीवर बसाडतस!” त्यांनी शेजारची काठी उचलून माझ्या हातात दिली आणि आत निघून गेल्या. मी काठी धरून बिबड्यांपाशी उभी राहिले आणि इतकं रडले की त्या वेळी कावळ्यांनी दोन-चार नेल्याही असतील.

गुण मात्र नानांनी दिले नाहीत. “मला एकट्याला सांगून चालत नाही. वाटाड्या सगळ्यांचा असतो.” पुढच्या रविवारी पुन्हा तलाव, पुन्हा रांग, पुन्हा तेच चित्र, आभाळापासून. मी फार काही बोलले असं नाही. ती बाई पुरती उतरेपर्यंत गप्पच होते. मग म्हटलं, “माझी आई हेच काम करते.” नाक कुणी धरलं नाही. पण कुणी टाळ्याही वाजवल्या नाहीत. सासूबाई पदराआडून तिरक्या बघत होत्या. शेवटी कंडक्टर म्हणाले, “उन्हातच उभ्या असतात का हो दिवसभर?” मी म्हटलं, “हो.” एवढ्यावर माझी सहल संपली. काठावरचे गुण पडले. परीक्षेला नाव गेलं.

मी हे आईला कळवलं, की एका गुरुजींनी माझं नाव परीक्षेला घातलं. ती भोळी. तिनं विचार केला असेल, गुरुजींना रिकाम्या हातानं कसं कळवायचं? गावाकडून येणाऱ्या एका माणसाबरोबर तिनं एक गाठोडं पाठवलं. तिच्याकडची सगळ्यात चांगली, निवडून ठेवलेली वाळकी मासळी. त्या माणसानं ते सरळ पुढच्या दारानं नानांच्याच हातात दिलं. मी अंगणातून धावत येईपर्यंत घरभर वास सुटला होता. शेजारची बाई नाकाला पदर लावून ओट्यावर आली होती. आजवर जेवढी शरम वाटली होती ती सगळी एकदम गोळा होऊन आल्यासारखं मला झालं. मी हात पुढे केले, “द्या नाना, चुकून आलंय, मी टाकून येते.”

नानांनी गाठोडं सोडलं नाही. ते डोळे मिटून, मान जरा मागे टाकून, नाकानं हळूहळू श्वास घेत होते. चेहरा हिरवा झाला, मग पांढरा. मला वाटलं, आता ओकणार. पण ते म्हणाले, “भरती आली.”

अक्कांनी ते स्वयंपाकघरात येऊ दिलं नाही, हे सांगायला नको. मासळी मी काढून घेतली. पण तिचं फडकं नानांनी परत मागून घेतलं आणि पुढच्या खोलीच्या खिडकीला बांधून ठेवलं. पुढे दरवर्षी नवे विद्यार्थी आले की समुद्राच्या सहलीला ते एकेकाला त्या फडक्यापाशी उभं करत.

आम्ही पुढे बदली होऊन दुसरीकडे गेलो. बऱ्याच वर्षांनी मी मेहरूणला गेले तेव्हा नाना थकले होते, कॉम्प्युटर कपड्याखाली झाकलेला होता. फडकं मात्र तिथंच होतं, उन्हानं विटून पांढरं पडलेलं. ते मला हाताला धरून खिडकीशी घेऊन गेले. “घ्या बरं,” म्हणाले, “अजून येतो ना?”

मी वाकले. धूळ होती, आणि धुतलेल्या सुती कापडाचा असतो तसला काहीतरी वास. आई तोवर गेली होती. नाना माझ्या तोंडाकडे बघत होते, निकालाची वाट बघत असल्यासारखे.

“येता, नाना,” मी म्हटलं.